नणंदेचा पहिला भयपट

वाचकाचे पत्र

"मी कांदिवलीला राहते. शाळेत असल्यापासून मला भयपटांची आवड आहे. लग्नाला दीड वर्ष झाले. घरात पती, सासूबाई आणि कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असलेली नणंद असे आम्ही चौघे असतो. सासूबाई मूळच्या सिंधुदुर्गातल्या. या तिघांपैकी कोणीही भयपट पाहत नसे. नणंदेला मात्र कुतूहल होते, म्हणून गेल्या महिन्यात एका शनिवारी रात्री मी माझा सर्वांत आवडता चित्रपट, २०१८ सालचा 'हेरेडिटरी', लावला. अर्ध्यावर ती रडत उठून गेली आणि पुढच्या चार रात्री सासूबाईंजवळ झोपली. पतींनी 'भयपट म्हणजे नुसता आरडाओरडा' असे म्हणून विषय संपवला. सासूबाईंनी 'असले काही तिन्हीसांजेनंतर घरात लावत जाऊ नकोस' असे बजावले. नवल म्हणजे आता नणंदच म्हणते आहे, 'वहिनी, मला पुन्हा पाहायचे आहे, पण सोप्यापासून सुरुवात कर.' मी कोठून सुरुवात करू? आणि बाकीच्या दोघांचे काय?"

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातले मला सर्वांत मोलाचे वाटलेले वाक्य तुमच्या नणंदेचे आहे. चार रात्री झोप उडाल्यानंतरही जी मुलगी 'सोप्यापासून सुरुवात कर' असे म्हणत तुमच्याकडेच परत येते, तिला भयपटांची ओढ तर आहेच, शिवाय वहिनी आपल्याला पुन्हा तसे एकटे पाडणार नाही असा विश्वासही आहे. चित्रपटांची नावे मी सांगणारच आहे. परंतु त्याआधी त्या शनिवारी रात्री नेमके काय घडले असावे याचा विचार करू, कारण ते उमगले नाही तर दुसरे नावही तुम्ही पहिल्यासारखेच, स्वतःच्या आवडीवरून निवडाल.

'हेरेडिटरी' हा ॲरी ॲस्टर या दिग्दर्शकाचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट, आणि तो तुम्हाला प्रिय आहे हे मी समजू शकतो. मात्र त्याचे खरे बळ भुताखेतांत नाही. एका घरातली आजी जाते, पाठोपाठ त्या घरावर आणखी एक आघात होतो, आणि मग दिग्दर्शक त्या कुटुंबाचा शोक इतक्या जवळून आणि इतका वेळ दाखवत राहतो की पाहणाऱ्याला श्वास घ्यायला उसंत मिळत नाही. तुम्ही लिहिता की नणंद रडत उठून गेली. भ्यालेले माणूस किंचाळते, डोळ्यांवर हात घेते, उशी छातीशी धरते, कधी हसतेही. रडत उठून जाणारे माणूस बहुतेक वेळा कोठेतरी दुखावलेले असते. पत्रात घरातल्या चौघांचा उल्लेख आहे, सासऱ्यांचा नाही. ते हयात नसतील, आणि विशेषतः त्यांना जाऊन फार वर्षे झाली नसतील, तर तुमच्या नणंदेने त्या रात्री पडद्यावर स्वतःच्याच घरातला एक दिवस पुन्हा पाहिला असण्याची शक्यता आहे. माझा तर्क चुकीचाही असेल. तरीही तिला एकांतात, चहा घेताना किंवा स्टेशनवरून बरोबर घरी येताना, हळुवारपणे विचारा की चित्रपटातल्या कोणत्या ठिकाणी तिला उठावेसे वाटले. किती घाबरलीस, असे विचारू नका. त्या प्रश्नाला माणसे आपली अब्रू सांभाळणारे उत्तर देतात. कोणत्या ठिकाणी, एवढेच विचारा.

हे मी आग्रहाने सांगतो, त्याला कारण आहे. माझे बालपण गिरगावातल्या एका चाळीत गेले. १९८५ च्या उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या मजल्यावरच्या एका बिऱ्हाडात भाड्याने व्हीसीआर आणला होता. रात्रभरात तीन चित्रपट पाहायचे आणि सकाळी यंत्र परत करायचे, अशी तेव्हाची रीत होती. तिसरा चित्रपट रामसे बंधूंचा, आदल्याच वर्षी प्रदर्शित झालेला 'पुराना मंदिर' होता. मी नऊ वर्षांचा होतो. मला उठून जायचे होते, परंतु माझ्या आतेभावाने दाराला आतून कडी घातली आणि सगळ्यांसमोर 'मुलगा असून घाबरतोस?' असे विचारले. आमच्याकडे संडास गॅलरीच्या टोकाला होते आणि तिथला दिवा बहुतेक वेळा गेलेला असे. त्यानंतर कित्येक आठवडे मी रात्री आईला उठवत असे, आणि पुढची जवळजवळ दहा वर्षे मी एकही भयपट पाहिला नाही. मी परत आलो तो नारायण धारप यांच्या पुस्तकांमुळे. वाचनालयातून आणलेले पुस्तक हव्या त्या पानावर मिटता येत होते, रात्री दुसऱ्या खोलीत ठेवता येत होते, दुसऱ्या दिवशी दुपारच्या उजेडात पुन्हा उघडता येत होते. धारपांच्या कथांतली भीती त्या चित्रपटातल्या भीतीपेक्षा कितीतरी खोल होती, पण या वेळी दाराची कडी माझ्या हातात होती. नवख्या प्रेक्षकाला काय आणि कसे दाखवावे याविषयी मला जे काही म्हणायचे आहे, ते सगळे या दोन अनुभवांमधल्या फरकातून आलेले आहे.

निवड कशी करावी यासाठी आपल्याकडे एक जुनी आणि अजूनही फार उपयोगी पडणारी मांडणी आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक आणि बीभत्स हे दोन स्वतंत्र रस मानले आहेत. पहिल्याचा स्थायिभाव भय, दुसऱ्याचा जुगुप्सा, म्हणजे किळस. ज्याच्या मुळाशी विस्मय असतो तो अद्भुत रस आणखी निराळा, आणि शोकातून उपजणारा करुण रस त्याहून निराळा. आज 'भयपट' या एकाच पाटीखाली हे चारही रस कमीअधिक प्रमाणात मिसळलेले असतात, आणि समोरच्याला यांपैकी कोणता सोसतो हे शिफारस करणारा क्वचितच विचारतो. अंधाऱ्या जिन्याची भीती आवडीने अनुभवणाऱ्या कितीतरी लोकांना रक्त मुळीच पाहवत नाही. रुग्णालयात परिचारिका असलेल्या माझ्या एका स्नेह्यांना जखमा पाहून काही वाटत नाही, परंतु बंद दाराआडून लहान मुलाचा आवाज आला की त्या खोलीतून उठतात. तुम्ही निवडलेल्या चित्रपटात करुण आणि भयानक एकमेकांत कालवलेले आहेत आणि मधूनमधून बीभत्सही आहे. पहिल्याच दिवशी हे तिन्ही एकत्र पचवणे कोणालाही जड गेले असते.

यातच दचकणे आणि धास्ती हा भेद जोडून घ्या, कारण तुमच्या पतींच्या आक्षेपाचे उत्तरही त्यात आहे. अचानक आलेल्या मोठ्या आवाजाने दचकणे ही शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया आहे. तान्हे मूलही दचकते आणि त्यात कलेचा संबंध असेलच असे नाही. धास्ती मात्र मनात तयार व्हावी लागते, आणि ती तयार करायला दिग्दर्शकाला वेळ, शांतता आणि संयम लागतो. १९४२ सालच्या 'कॅट पीपल' या चित्रपटात एक तरुणी रात्री निर्मनुष्य रस्त्याने चालली आहे, मागून दुसऱ्या पावलांचा आवाज येतो आहे, मग तो आवाज थांबतो, ती वळून पाहते, कोणीच दिसत नाही, ती भराभर चालू लागते. आणि आता काहीतरी झेप घेणार असे वाटते त्याच क्षणी कर्कश आवाज करत चौकटीत शिरते ती एक साधी बस. निर्माता व्हॅल ल्यूटन यांच्या नावावरून या युक्तीला पुढे 'ल्यूटन बस' असेच म्हणू लागले. त्या प्रसंगात दचकवण्याचा क्षण एकच आहे, त्याआधीची दोन मिनिटे सगळी धास्तीची आहेत, म्हणूनच इतक्या वर्षांनंतरही तो पाहताना हात गार पडतात. वाईट भयपट ती दोन मिनिटे गाळून नुसत्या बसा सोडत राहतात, आणि तुमच्या पतींना आरडाओरडा वाटला आहे तो हाच. ते पूर्णपणे चुकीचे बोललेले नाहीत.

आता नणंदेकडे येतो. तिच्यासाठी पहिला चित्रपट म्हणून मी 'मणिचित्रताळ' सुचवतो. फाझिल यांनी दिग्दर्शित केलेला हा १९९३ सालचा मल्याळम चित्रपट. याच्यावरूनच प्रियदर्शन यांनी २००७ मध्ये हिंदीत 'भूल भुलैया' केला. तुमच्या नणंदेच्या पिढीने हिंदी चित्रपट बहुधा कधी ना कधी टीव्हीवर पाहिलेला असतो, म्हणजे तिला त्यातले रहस्य ठाऊक असेल, आणि माझ्या मते हीच त्या निवडीतली सर्वांत मोठी सोय आहे. पुढे काय होणार ही टांगती तलवार नसली की नवख्या माणसाला प्रथमच भीती कशी रचली जाते याकडे पाहता येते: वडिलोपार्जित घराचे लांबलचक ओसरीसारखे भाग, कुलूप लावलेली ती खोली, घरातल्या माणसांची थट्टामस्करी चालू असतानाच हळूहळू बदलत जाणारी शोभना यांची नजर. या भूमिकेसाठी शोभना यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता, आणि शेवटच्या भागातला त्यांचा आवेश पाहिल्यावर तो का मिळाला हे सांगावे लागत नाही. रक्तपात जवळजवळ नाही, मध्ये गाणी आहेत, विनोद आहे, मोहनलाल यांचे पात्र आल्यावर तर कितीतरी वेळ आपण भयपट पाहतो आहोत याचाही विसर पडतो. चित्रपट पावणेतीन तासांच्या आसपासचा आहे, तेव्हा मध्यंतर अवश्य घ्या.

दुसऱ्या चित्रपटाची निवड मात्र तिने तुमच्या प्रश्नाला दिलेल्या उत्तरावर सोपवा. माझा तर्क चुकला असेल आणि तिला घरातल्या माणसांच्या दुःखाने काही झाले नसेल, तर 'द अदर्स' हा २००१ सालचा चित्रपट निःशंकपणे लावा. आलेहान्द्रो आमेनाबार यांचा हा चित्रपट एका आईचा आणि तिच्या दोन मुलांचा आहे. मुलांना उजेड सोसत नाही, म्हणून त्या मोठ्या घरात एक दार बंद केल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही आणि पडदे कायम ओढलेले ठेवायचे, असा नियम आहे. एवढ्या एका नियमातून दिग्दर्शकाने जो ताण निर्माण केला आहे तो मला आजही थक्क करतो. याचा शेवट तिला कोणाकडून आधी कळू देऊ नका. परंतु तर्क बरोबर निघाला, तर हा चित्रपट सध्या बाजूला ठेवा, कारण त्यातही युद्धावर गेलेल्या वडिलांची वाट पाहणे आहे आणि ते वाट पाहणे फार हळवे आहे.

तसे असेल तर 'तुंबाड' घ्या. राही अनिल बर्वे यांचा हा २०१८ सालचा चित्रपट हिंदीत असला तरी त्याचा पाऊस, वाडे, माजघरे आणि माणसांचे वागणे आपले आहे, नाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून घेतलेले आहे, आणि मूळ कल्पना मित्राकडून ऐकलेल्या धारपांच्या एका कथेतून आल्याचे दिग्दर्शकाने सांगितले आहे. १९१८ पासून स्वातंत्र्यापर्यंतच्या काळात एका माणसाचा लोभ कसा वाढत जातो, ही त्याची गोष्ट. त्यात भयानकाच्या जोडीला अद्भुत आहे, म्हणून भीतीबरोबर डोळे विस्फारून पाहण्याचा आनंदही मिळतो, आणि नवख्या माणसाला तो आनंद पुढच्या चित्रपटाकडे ओढून नेतो. २०२४ च्या सप्टेंबरात हा चित्रपट पुन्हा चित्रपटगृहांत लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त गर्दी झाली. त्या गर्दीत आयुष्यात प्रथमच भयपट पाहणारी बरीच मंडळी होती असे मला माझ्या शेजारच्या खुर्च्यांवरून तरी वाटले. नणंदेला दोन गोष्टी आधीच सांगून ठेवा. सुरुवातीच्या भागात साखळीने बांधलेल्या म्हातारीचे प्रसंग आहेत, ते सर्वांत भीतिदायक आहेत आणि त्यात किळसही आहे. आणि याच भागात एका लहान मुलाचा मृत्यू होतो, जो चित्रपट थोडक्यात उरकतो. हे दोन टप्पे ओलांडले की पुढचा चित्रपट तिला झेपेल.

मुंबईत राहणाऱ्यांना आणखी एक काळजी घ्यावी लागते, जी परदेशी याद्यांमध्ये कोठेही सापडणार नाही. जंगलातल्या एकाकी बंगल्याची भीती आपल्या फ्लॅटच्या दारापर्यंत येत नाही, परंतु लिफ्टची आणि शेजारच्या बंद ब्लॉकची भीती रोज येते. रामगोपाल वर्मा यांचा २००३ सालचा 'भूत' मुंबईतल्या उंच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये घडतो, आणि २०१३ च्या 'एक थी डायन'मध्ये लिफ्टमधून थेट नरकात उतरण्याची कल्पना आहे. दोन्ही चित्रपट मला मनापासून आवडतात आणि दोन्ही मी तुमच्या नणंदेला निदान सहा महिने दाखवणार नाही. तिचे क्लास रात्री संपत असतील आणि रिकाम्या लिफ्टने तिला एकटीला वर यावे लागत असेल, तर तिच्या रोजच्या वाटेवर भीती नेऊन बसवण्याचा आपल्याला अधिकार नाही. 'भूत' तिने स्वतः मागितला की लावा. उर्मिला मातोंडकर यांचे काम तोवर तिला अधिक समजेल.

तुमच्या पतींना आवाजाचा कंटाळा आहे, तर त्यांना मोजके आवाज असलेले चित्रपट द्या. रामगोपाल वर्मा यांचाच १९९९ सालचा 'कौन' त्यांच्यासाठी सर्वांत योग्य ठरेल: एक घर, पावसाची रात्र, एकटी स्त्री, दारावर आलेला अनोळखी माणूस, तीनच पात्रे आणि एकही गाणे नाही. पटकथा अनुराग कश्यप यांची आहे. चित्रपट दीड तासाच्या आसपास संपतो, म्हणून नाखुशीने बसलेल्या माणसाकडूनही तो पूर्ण पाहून होतो, आणि संपल्यावर ते स्वतःच बोलू लागतील अशी माझी खात्री आहे. त्यानंतर १९७५ चा 'जॉज' लावा आणि तो कसा घडला हे आधी सांगा. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात यांत्रिक शार्क वरचेवर बिघडत होता, त्यामुळे तरुण स्टीव्हन स्पीलबर्ग यांना तो दाखवणे टाळावे लागले, आणि तासाहून अधिक वेळ प्रेक्षकाला पाण्याचा पृष्ठभाग, तरंगणारी पिंपे आणि जॉन विल्यम्स यांचे दोन सुरांचे संगीत एवढ्यावर भागवावे लागले. न दाखवलेल्या गोष्टीची भीती म्हणजे काय हे समजावून सांगायला मला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही. या चित्रपटात रक्त आहे, तेव्हा नणंदेने त्या दिवशी शेजारी बसायचे की नाही हे तिने ठरवावे. २०१७ चा 'गेट आऊट' हा तिसरा; जॉर्डन पील यांना त्याच्या पटकथेसाठी ऑस्कर मिळाले आणि अमेरिकेतल्या वर्णभेदाविषयी त्याला जे म्हणायचे आहे ते सभ्य हसण्यातून आणि चहाच्या कपावर फिरणाऱ्या चमच्याच्या आवाजातून येते.

सासूबाईंच्या बाबतीत मी तुम्हाला अधिक सावध राहायला सांगेन. त्यांचा नकार हा घाबरटपणा नाही आणि जुनाटपणाही नाही. सिंधुदुर्गातल्या गावांमध्ये देवचार हा गावाच्या सीमेचा राखणदार मानला जातो, त्याला मान दिला जातो, त्याच्या वाटेवर बोलायचे कसे याचेही संकेत असतात. अशा घरात वाढलेल्या व्यक्तीसाठी तिन्हीसांजेला भुताचे नाव घेणे हा करमणुकीचा विषय नसतोच. ती गोष्ट मर्यादेची असते. त्यांना पटवून देण्याच्या भरीस पडू नका. संध्याकाळनंतर दिवाणखान्यात भयपट लावायचा नाही हा त्यांचा शब्द पाळा, आणि पाळता आहात हे त्यांना दिसू द्या. त्याचप्रमाणे २०२४ चा 'मुंज्या' विनोदी आणि कोकणातला आहे म्हणून त्यांना आवडेल, असे गृहीत धरू नका. सोडमुंज होण्याआधी गेलेल्या मुलाचे मुंज्या होणे हे त्यांनी कदाचित एखाद्या ओळखीच्या घराविषयी ऐकलेले असेल.

त्यांनी स्वतःहून उत्सुकता दाखवली तरच १९४९ चा 'महल' दुपारी लावा. तुमच्या शेजारच्या मालाडमध्ये जो बॉम्बे टॉकीज स्टुडिओ होता, त्या संस्थेचा हा चित्रपट. कमाल अमरोही यांचे पहिले दिग्दर्शन, अशोक कुमार आणि मधुबाला. 'आएगा आनेवाला' हे गाणे त्यांना ठाऊक असणारच. दुरून येणारा तो आवाज साधावा म्हणून ध्वनिमुद्रणाच्या वेळी आपल्याला ध्वनिक्षेपकापासून लांब उभे करून गात गात जवळ यायला सांगितले होते, अशी आठवण लताबाईंनी सांगितलेली आहे. रिकामा वाडा, झोपाळा आणि दूर जाणारा सूर एवढ्यातून चित्रपट जे करतो ते पाहताना सासूबाई तुमच्याआधी एखादी गोष्ट सांगू लागल्या, तर चित्रपट थांबवा आणि ती ऐका. नणंदेलाही बोलवा. आजवर मी ऐकलेल्या सर्वांत चांगल्या भयकथा कोकणातल्या बायकांनी भाजी निवडताना सांगितलेल्या आहेत.

मराठी चित्रपटांविषयी थोडे. 'मी कधीच भयपट पाहिला नाही' असे म्हणणाऱ्या आपल्यातल्या बहुतेकांनी १९९३ चा 'झपाटलेला' लहानपणी पाहिलेला असतो, आणि रामदास पाध्ये यांच्या हातांतून जिवंत झालेल्या तात्या विंचूने त्यांची एखादी रात्र तरी खाल्लेली असते. नणंदेला याची आठवण करून द्या. आपण अगदी कोरी पाटी नाही हे कळले की माणसाला धीर येतो. विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' हा अलीकडच्या मराठी भयपटांपैकी मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. उसाच्या फडात वाट चुकण्याची भीती इतकी खरी दुसऱ्या कोणी दाखवलेली मला आठवत नाही, आणि २०२१ मध्ये त्याच दिग्दर्शकाने त्याचा हिंदीत 'छोरी' केला. परंतु तो गर्भवती स्त्रीचा आणि जन्माला येऊ न दिलेल्या मुलींचा चित्रपट आहे. घरात कोणी गर्भवती असेल, किंवा कोणाचा गर्भपात झालेला असेल, तर तो लावण्याआधी त्या व्यक्तीशी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे, आणि अशा गोष्टी घरात नेहमी सर्वांना माहीत असतातच असे नाही, हेही ध्यानात घ्या.

कोणीतरी तुम्हाला 'द कॉन्ज्युरिंग'पासून सुरुवात करायला सांगेल, कारण त्यात रक्त फारसे नाही. ते खरे आहे. मात्र २०१३ च्या या चित्रपटाला अमेरिकेत मोठ्यांसाठीचे कडक मानांकन मिळाले ते रक्तासाठी वा शिव्यांसाठी नव्हे, तो फार भीतिदायक आहे म्हणून, असे तो काढणाऱ्यांनीच सांगितले होते. जेम्स वॅन यांना प्रेक्षकाची मान नेमकी कोणत्या कोपऱ्याकडे वळवायची हे उत्तम कळते, आणि म्हणूनच तो दुसऱ्या वर्षाचा चित्रपट आहे. प्रमाणपत्रावरही पूर्ण विसंबू नका. नोव्हेंबर २०२४ पासून आपल्याकडे 'यूए'चे सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन टप्पे झाले आहेत, ते शेजारची मुले येऊन बसतात तेव्हा उपयोगी पडतील, परंतु एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीला काय लागेल हे वयावरून ठरत नाही. त्यापेक्षा ओटीटीवर चित्रपट सुरू होताना कोपऱ्यात हिंसा, आत्महत्या असे जे बारीक अक्षरांत लिहून येते, ते तिच्याबरोबर वाचा.

पाहण्याची वेळ दुपारची ठेवा. जेवण झाल्यावर, खिडक्यांचे पडदे उघडे, पंखा चालू, खालून भाजीवाल्याची हाक येते आहे, अशा वातावरणात भीती निम्मी होते आणि नवख्या माणसाला निम्मीच हवी असते. अंधार हा आपल्यासारख्या सरावलेल्यांचा हव्यास आहे. मोबाइलवर, लोकलच्या गर्दीत कानात यंत्र घालून पाहू देऊ नका; त्यात धास्ती पोहोचत नाही, दचकवणारे आवाज मात्र थेट कानात जातात, आणि मग तिलाही तिच्या भावासारखाच भयपट म्हणजे आरडाओरडा वाटू लागेल. दूरचित्रवाणीचा आवाज नेहमीपेक्षा दोन पायऱ्या खाली ठेवला तर दचकण्याचा जोर बराच ओसरतो आणि संवाद तरीही ऐकू येतात. तिने विचारले की 'आता काय होणार?' तर सांगा. 'थांब, मजा जाईल' असे म्हणण्याचा मोह तुम्हाला होईल, कारण तुम्हाला त्या क्षणाची गोडी माहीत आहे. तरीही 'द अदर्स'च्या शेवटाखेरीज बाकी सगळे सांगायला हरकत नाही. चित्रपट संपल्यावर लगेच उठू नका. कोणता प्रसंग कसा चित्रित केला असेल, आवाज कोठून आला, यावर अर्धा तास बोला. बोलून झालेली भीती रात्री कमी येते, हे मी माझ्या मुलीच्या बाबतीत पाहिले आहे.

'हेरेडिटरी' तुमचा तुम्ही पाहत राहा. तो तिला पुन्हा कधी दाखवावा, हा प्रश्न तुम्ही पत्रात विचारलेला नाही, पण मनात असेल. तिने नाव काढेपर्यंत तुम्ही काढू नका, आणि तिने कधीच काढले नाही तर तेही ठीक आहे.

येत्या शनिवारी दुपारी अडीच वाजता 'मणिचित्रताळ' लावा. सासूबाईंना आदल्या दिवशी सांगून ठेवा की दिवेलागणीच्या आत संपेल, आणि चित्रपट सुरू करण्याआधी रिमोट नणंदेच्या हातात द्या.